जे रान मोजलंच नाही

सिंधुदुर्गातल्या एका देवराईवर मी काही वर्षांपूर्वी छोटा अहवाल लिहिला होता. त्यातलं एक वाक्य असं होतं : 'राईच्या कडेला पक्ष्यांच्या जाती आतल्यापेक्षा जास्त आढळतात, त्यामुळे राईतून रस्ता गेल्यास पक्षिजीवनावर विपरीत परिणाम होण्याची शक्यता कमी आहे.' या वाक्याचा पहिला भाग मी डोळ्यांनी पाहिला होता. दुसरा भाग मी पहिल्यावरून काढला होता आणि तो साफ चुकीचा होता. पुढे रस्ता झाला. माझ्या अहवालामुळेच झाला असं मी म्हणत नाही. वाडीला रस्ता हवा होता, गरजही खरी होती, आणि राईला वळसा घालून नेण्याचा पर्यायही चर्चेत होता. पण बैठकीत माझं वाक्य वाचून दाखवलं गेलं, आणि वळशाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना त्यानंतर बोलायला जागा उरली नाही. तेवढी जबाबदारी माझी आहे.

ती चूक एका वाक्याची नव्हती. तिच्यामागे लहान लहान चुकांची रांग होती, आणि त्यातली प्रत्येक मी प्रामाणिकपणे, मेहनतीनं केली होती. आज गावोगावची तरुण मुलं मोबाइलवर पक्ष्यांच्या याद्या करतात. त्या याद्या पुढे आराखड्यांत, हरकतींत, न्यायालयातल्या कागदांत जातात. माझ्या चुका त्यांच्या हातून होऊ नयेत म्हणून मी त्या क्रमानं मांडते आहे.

पहिली चूक म्हणजे मी रस्त्यावरून मोजत होते. पक्षी पाहायला मी शिकले ती आंबोलीत आणि तिलारीच्या परिसरात. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसानं पोसलेलं अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं गच्च रान डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं आहे. पहाटे त्या रस्त्यानं चालत जायचं, कानाकोपऱ्यातून दुर्बीण फिरवायची आणि वहीत नावं लिहायची, ही आम्हा सगळ्यांची रीत. रस्ता हीच रानाची कड असते, हे तेव्हा मनात आलंच नाही. माझ्या वहीवर 'आंबोलीचं जंगल' असं लिहिलेलं होतं. आत होती ती जंगलाच्या कडेची यादी.

ती यादी भरगच्च होती. लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी, वटवट्या, सातभाई, टकाचोर, भारद्वाज, कोतवाल, होला, वेडा राघू. थंडीत त्यात पाहुण्यांची भर. कडेला एवढी गर्दी का असते, त्याची कारणं सरळ आहेत. ऊन जमिनीपर्यंत पोचतं. त्यामुळे धायटी, उक्षी, घाणेरी, रानमोडी आणि चांदाड्याची रोपं जोमानं वाढतात. फुलं येतात, फळं धरतात, किडे वाढतात. शिवाय इथे दोन घरं शेजारी शेजारी असतात : रानातल्या झाडावर बसायचं आणि बाहेरच्या शेतात खायचं. कोतवालाला आणि वेड्या राघूला विजेच्या तारेवरून समोरचं मोकळं शेत दिसतं. शेतातले पक्षी इथवर येतात, रानातले काही इथवर येतात, आणि दोन्ही बाजूंचे मिळून यादी फुगते.

हे मला पुस्तकातूनही पटलेलं होतं. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली शिकारीच्या प्राणिपक्ष्यांच्या व्यवस्थापनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात दोन अधिवास जिथे मिळतात तिथे वन्यजीवांची समृद्धी असते हा विचार ठसठशीतपणे मांडला आहे. पुढची कित्येक दशकं अमेरिकेत त्या विचारावर जंगलांची आखणी झाली. मुद्दाम कडा वाढवल्या गेल्या. मी तो विचार जसाच्या तसा उचलला. लिओपोल्ड प्रामुख्यानं हरणं, तितर, लावे अशा शिकारीच्या प्राण्यांबद्दल बोलत होते आणि असे प्राणी मुळातच झाडी व मोकळं यांच्या सीमेवर जगतात, एवढी साधी गोष्ट मी लक्षात घेतली नाही. त्यांच्यासाठी जे खरं होतं ते मी सह्याद्रीतल्या अंधाऱ्या रानाला लावलं.

दुसरी चूक डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची. देवराईचं काम आलं तेव्हा मी आतही गेले होते. कडेला काही ठिकाणी आणि आत काही ठिकाणी थांबून, प्रत्येक ठिकाणी दहा दहा मिनिटं मोजणी केली होती. कागदावर हे नीटस दिसतं. प्रत्यक्षात कडेची ठिकाणं मी उजाडताच उरकायची, कारण ती वाटेत लागायची. आतल्या ठिकाणी पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं आणि पक्ष्यांचा पहाटेचा आवाज ओसरलेला असायचा. म्हणजे कडेला मी पक्ष्यांच्या सर्वांत बोलक्या वेळी उभी होते आणि आत त्यांच्या विसाव्याच्या वेळी. आत पक्षी कमी, असं मग वहीत आपोआप उतरलं.

आतल्या रानाचे पक्षी स्वतःला दाखवायला उत्सुक नसतातच. मलबारी कर्णा घ्या. नराचं पोट गुलाबीसर लाल, डोकं काळं, छातीवर पांढरी पट्टी. फोटोत पाहिला तर वाटतं, हा पक्षी नजरेतून सुटेल कसा? पण तो मधल्या उंचीच्या फांदीवर ताठ बसतो, बराच वेळ हलत नाही, आणि पुष्कळदा पाठ आपल्याकडे करून बसतो. त्याच्या अंगाचा तपकिरी रंग त्या उजेडात मिसळून जातो. हलतो तो फक्त एखादा किडा टिपायला. त्याचा खालच्या पट्टीतला, एका लयीत येणारा आवाज ओळखता येत नसेल, तर तो डोक्यावर असूनही तुमच्या यादीत येणार नाही. कस्तूर पाचोळा उलटत जमिनीवर फिरतो. त्याची चाहूल पानांच्या खसफशीवरून लागते. पाचू कवडा वाटेवरून भुर्रकन उठून जातो तेव्हाच कळतो. दहा मिनिटं उभं राहून, नजरेनं शोधून, हे पक्षी मोजता येत नाहीत.

आतल्या रानाची दुसरीही एक तऱ्हा आहे. तिथे पक्षी सारखे पसरलेले नसतात. पावसाळा सरल्यावर ते मिश्र थव्यांनी फिरतात. भृंगराज, नीलमणी, निखार, मखमली शिलिंध्री, सुतार आणि लहान सातभाई एकत्र निघतात. कुणी पानांखालचे किडे काढतं, कुणी सालीतले, आणि उडालेला किडा भृंगराज टिपतो. शिक्रा आला तर इशारा बहुधा भृंगराजाचाच. थवा आला की झाडंच जागी झाल्यासारखी वाटतात आणि थोड्या वेळात तो पुढे निघून जातो. मग बराच काळ काहीच नाही. माझ्या दहा मिनिटांत थवा आला तर रान भरलेलं, नाही आला तर रिकामं. माझ्या बहुतेक दहा मिनिटांत तो आला नव्हता. थांबण्याचा वेळ वाढवण्याऐवजी मी 'आत पक्षिवैविध्य मर्यादित' असं लिहून मोकळी झाले.

तिसरी चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण ती मोजण्यातली नसून विचार करण्यातली होती. मी सगळ्या पक्ष्यांची बेरीज केली. साळुंकी एक, कर्णा एक. दयाळ एक, कस्तूर एक. कडेला बेरीज मोठी आली, म्हणून कड सरस ठरली. पण ही बेरीजच गैर होती. साळुंकी, दयाळ आणि लालबुड्या बुलबुल हे पक्षी सावंतवाडीच्या बसस्टँडमागे आहेत, पुण्यातल्या सोसायटीत आहेत, विदर्भातल्या शेतबांधावर आहेत. त्यांना जगायला ती देवराई लागत नाही. कस्तूर, नीलमणी, पाचू कवडा, जुन्या झाडाच्या ढोलीत घर करणारे सुतार आणि घुबडं यांना मात्र सावली, पाचोळा, जुनी खोडं आणि दमट हवा लागते. ते पक्षी राईतून गेले तर बाहेरच्या काजूच्या बागेत किंवा भातखाचरात त्यांना जागा नाही.

बऱ्याच वर्षांनी मी जुन्या वह्या उघडल्या आणि तीच नावं वेगळ्या रीतीनं लावून पाहिली. एका रकान्यात गावात व शेतातही राहणारे पक्षी, दुसऱ्यात कड आणि आतलं रान दोन्ही वापरणारे, तिसऱ्यात फक्त दाट रानात राहणारे. कडेच्या यादीतली सगळी वाढ पहिल्या रकान्यातली निघाली. तिसरा रकाना कडेला जवळजवळ कोरा होता. आत तो भरत होता, माझी आतली मोजणी इतकी अपुरी असूनही. उत्तर माझ्याच वहीत होतं. मी प्रश्न चुकीचा विचारला होता. 'किती?' असं विचारलं, 'कोण?' असं विचारलंच नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात जगभरातल्या १६७३ पृष्ठवंशी जातींच्या नोंदी एकत्र तपासल्या होत्या. त्यांपैकी ८५ टक्के जातींच्या संख्येवर जंगलाच्या कडेचा परिणाम दिसला. काहींची संख्या कडेला वाढते, काहींची घटते, म्हणून नुसती बेरीज केली तर परिणाम झाकला जातो. ज्या जाती रानाच्या गाभ्यातच नांदतात, त्यांची भरपूर संख्या ठळक कडेपासून २०० ते ४०० मीटरपेक्षा आत गेल्यावरच दिसते. मी त्या राईत कडेपासून फार तर हाकेच्या अंतरावर उभं राहून 'आतलं' असं लिहीत होते.

चौथी चूक घरट्यांची. राईच्या कडेला वसंतात खूप गाणं ऐकू यायचं. दयाळ गायचा, शिपाई बुलबुल जोडीनं फिरायचे, स्वर्गीय नर्तकाची जोडी एका वर्षी अगदी वाटेवरच्या फांदीवर घरटं बांधत होती. गातात म्हणजे सुखात आहेत, घरटं बांधतात म्हणजे पिल्लं होतील, असं मी धरून चालले. त्या घरट्याचं पुढे काय झालं ते पाहायला मी परत गेले तेव्हा घरटं रिकामं होतं आणि पिल्लं उडून जाण्याइतके दिवस झालेले नव्हते. कडेच्या इतर घरट्यांकडे मी त्यानंतर लक्ष दिलं. डोमकावळे आणि टकाचोर शेताच्या बाजूनं येऊन कडेची झाडं शिस्तीत धुंडाळत होते. वाडीतली मांजरं कुंपणाच्या दगडांवरून आत शिरत होती.

१९७८ साली गेट्स आणि गायझल या दोघांनी मिशिगनमधल्या शेत आणि जंगल यांच्या सीमेवर नेमकं हेच दाखवलं होतं. पक्षी कडेजवळ दाटीनं घरटी बांधत होते आणि कडेजवळच पिल्लं वाचण्याचं प्रमाण कमी होतं. पक्ष्याला जागा चांगली वाटते, दिसायला ती चांगलीच असते आणि तिथेच त्याचा वंश खुंटतो. १९८५ साली डेव्हिड विलकोव्ह यांनी कृत्रिम घरट्यांत लावीची अंडी ठेवून पाहिलं. ग्रेट स्मोकी पर्वतातल्या विस्तीर्ण सलग जंगलात ती जवळजवळ सगळी टिकली. वस्तीला लागून असलेल्या झाडीच्या लहान तुकड्यांत मोठ्या प्रमाणावर लुटली गेली. सगळीकडे परिणाम इतका तीव्र असतो असं नाही. कडेपलीकडे काय आहे, घरटी लुटणारे कोण आहेत, यावर ते ठरतं. पण कडेवर दिसलेला पक्षी हा कडेवर नांदणारा पक्षी आहे, हे गृहीत धरण्याचा अधिकार मला नव्हता.

आता त्या राईचा हिशेब मांडते. राई सुमारे चार हेक्टरांची, म्हणजे दहा एकरांची. समजा ती नेमकी चौकोनी आहे. प्रत्येक बाजू २०० मीटर. कडेनं येणारं ऊन, कोरडा वारा, तण आणि घरटी लुटणारे यांचा प्रभाव ५० मीटरपर्यंतच पोचतो असं धरू. हा आकडा मी मुद्दाम लहान धरते आहे. चारही बाजूंनी ५० मीटर वगळले की मधोमध १०० मीटर बाजूचा चौकोन उरतो, म्हणजे एक हेक्टर. चार हेक्टरांच्या राईत खरं आतलं रान फक्त एक हेक्टर. आता तिच्या मधून सहा मीटर रुंदीचा रस्ता काढा. झाडं तुटतील ती २०० मीटर गुणिले सहा मीटर, म्हणजे १२०० चौरस मीटरांतली. साधारण बारा गुंठे. पण रस्त्यालाही दोन कडा आहेत, आणि त्या प्रत्येकीचा प्रभाव ५० मीटर आत जातो. मधला हेक्टरभर चौकोन त्यात सबंध बुडतो. बारा गुंठ्यांची झाडं गेली आणि शंभर गुंठ्यांचं आतलं रान संपलं.

कागद आणि पेन्सिल घेऊन हे गणित मी अहवालाआधी करू शकले असते. सातवीतल्या मुलाला येईल असं ते आहे. मी केलं नाही, कारण माझ्या मनात तोडलेल्या झाडांची संख्या होती. उरलेल्या झाडांखालची सावली नव्हती.

रस्ता झाल्यावर जे घडलं ते दोन-तीन पावसाळ्यांत दिसू लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानमोडी शिरली. पूर्वी एकमेकांच्या आधारानं उभी असलेली उंच झाडं वाऱ्याला उघडी पडली. जून-जुलैच्या वादळी पावसात त्यातली काही कोसळली आणि नव्या फटींतून आणखी ऊन आत आलं. ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ थॉमस लवजॉय यांच्या पुढाकारानं १९७९ पासून चाललेल्या प्रयोगात एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे जंगलाचे तुकडे अभ्यासले गेले. तिथेही हाच क्रम दिसला. कडेजवळची मोठी झाडं लवकर मरतात, जमिनीलगतची हवा कोरडी होते, आणि खालच्या थरातले किडेखाऊ पक्षी लहान तुकड्यांतून सर्वांत आधी नाहीसे होतात. असे पुष्कळ पक्षी मोकळी पट्टी ओलांडायलाही कचरतात. आपल्याला जी वाट वाटते ती त्यांना भिंत असते.

राईचं पाहणारे एक वयस्कर गुरव होते; सगळे त्यांना तात्या म्हणायचे, मीही म्हणायचे. रस्त्यानंतर मी गेले तेव्हा त्यांना विचारलं, "तात्या, पूर्वी पाचोळ्यात फिरणारा तो कस्तूर आता दिसतो का?" ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुमी कडेकडेनंच फिरलास. भितर खंय गेलास?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मोजणीच्या दिवसांत ते माझ्याबरोबर असायचे आणि मी कुठे थांबते ते त्यांनी पाहिलेलं होतं. पूजेसाठी ते रोज राईच्या मध्यापर्यंत जात. तिथे कोणता पक्षी कुठल्या महिन्यात ओरडतो, कोणत्या ढोलीत घुबड राहतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना वाटाड्या समजले. माहितगार म्हणून त्यांना कधी बसवून विचारलं नाही. ही माझी पाचवी चूक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास जगासमोर मांडला. राई टिकते ती गावानं पाळलेल्या नियमांमुळे, हे त्यातून सगळ्यांना कळलं. मी ते वाचलं होतं, भाषणांत सांगतही होते; आणि ज्या माणसानं ते नियम पाळले त्याला विचारायचं राहून गेलं.

त्या भेटीनंतर मला माझ्या सगळ्या चुकांची खरी किंमत समजली. राईतून काय गेलं हे मी आज सिद्ध करू शकत नाही. कस्तूर गेला असं तात्या सांगतात, मलाही दिसत नाही. पण तो तिथे किती होता याची रस्त्याआधीची नोंद कुणाकडे नाही. ती घेण्याची संधी माझ्याकडे होती. रस्ता नसता झाला तर काय झालं असतं, हे सांगायला शेजारच्या एखाद्या अखंड राईची मोजणी हवी होती. तीही मी केली नाही. उद्या कुणी म्हणालं की इतकी लहान राई मुळातच रिकामी होती, तर माझ्याकडे उत्तर नाही. चुकलेली मोजणी पुन्हा करता येते. वेळेवर न केलेली मोजणी परत मिळत नाही.

यानंतर मी आणखी एक चूक केली, आणि तीही सांगायला हवी. मी उलट्या टोकाला गेले. जिथे बोलायला जाईन तिथे कड म्हणजे रानाचा मृत्यू आणि काजूची बाग म्हणजे हिरवं वाळवंट, असं सांगू लागले. दोडामार्ग भागातल्या एका बागायतदारानं मला सभेतच विचारलं, "मग माझ्या बांधावरचं जुनं उंबर आणि पायर मी कशाला ठेवू? तुमच्या हिशेबी माझी बाग मेलेलीच आहे ना?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्याच उंबरावर फळं आली की मलबारी राखी धनेश आणि कुटुर्गे उतरायचे, हे मी पाहिलेलं होतं. धनेशाला घरट्यासाठी जुन्या मोठ्या झाडाची ढोली हवी, म्हणजे दाट रान हवंच. पण खाण्यासाठी तो रान ओलांडून फळाच्या झाडापर्यंत येतो. कडेपलीकडच्या शेतकऱ्यानं ते झाड तोडलं तर रानातला धनेशही उपाशी राहतो.

सगळ्या कडा एकसारख्या नसतात, हे मी त्या प्रश्नापासून शिकू लागले. सड्याच्या कातळाला लागून असलेली झाडी ही निसर्गानं घडवलेली जुनी कड आहे. तिथले पक्षी आणि झुडपं तिला सरावलेली आहेत. ओढ्याच्या काठची कड शीळकरी कस्तुराचं घरच आहे. काजूच्या बागेत जुनी झाडं आणि खालची झुडपं राखली तर कड मवाळ होते, सावली हळूहळू कमी होत जाते. एकसुरी रबर लावून खालची जमीन साफ बेणली, तर रान भिंतीसारखं तुटतं. तमिळनाडूतल्या वालपराई पठारावर टी. आर. शंकर रामन आणि दिव्या मुडप्पा यांनी चहा-कॉफीच्या मळ्यांत अडकलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. स्थानिक झाडांच्या सावलीतली कॉफी उघड्या चहामळ्यापेक्षा रानपक्ष्यांना कितीतरी अधिक धरून ठेवते, हे तिथे दिसलं. आणि उजाड झालेल्या तुकड्यांत स्थानिक झाडांची रोपं लावून रान सावरण्याचं कामही तिथे चालू आहे. त्यामुळे कड आहे म्हणून रान गेलं, असं मी आता म्हणत नाही. कड कशी आहे, तिच्यापलीकडे काय आहे आणि तिच्यामागे किती आतलं रान उरलं आहे, हे विचारते.

आता माझी मोजणीची रीत बदलली आहे. नकाशावर आधी कडेपासून सर्वांत लांबचा बिंदू शोधते आणि पहिली मोजणी तिथे करते. मग कडेकडे येत ५०, १००, २०० मीटरांवर थांबते. रान मोठं असेल तर ४०० मीटरांवरही. एका सकाळी आतून बाहेर, दुसऱ्या सकाळी बाहेरून आत, म्हणजे पहाटेचा वेळ एकाच जागेच्या वाट्याला येत नाही. ठरावीक अंतरातलेच पक्षी धरते, कारण उघड्या कडेवर लांबचं दिसतं आणि दाट रानात दिसत नाही. कानानं ओळखायला शिकले. अजून शिकते आहे. पक्षी बाहेर यावा म्हणून त्याचा आवाज मोबाइलवर लावत नाही, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. पावसाळ्यानंतर, थंडीत आणि विणीच्या काळात, असं वेगवेगळ्या ऋतूंत त्याच जागी परत जाते. पक्ष्यांबरोबर पाचोळ्याची जाडी, वरच्या छताची दाटी, पडलेली खोडं, रानमोडी कुठवर आली आहे, हेही लिहिते. आणि गावातल्या जाणत्या माणसांशी बोलल्याशिवाय वही मिटत नाही.

पण पद्धतीपेक्षा महत्त्वाचं आहे ते अहवालात काय लिहायचं, हे. रस्ता, पाइपलाइन, विजेची लाइन, मंदिराचा विस्तार, यांपैकी कशासाठीही रानाबद्दल मत विचारलं गेलं तर मी पक्ष्यांच्या जातींचा एकूण आकडा आता देत नाही. तो आकडा कुणाच्याही बाजूनं वापरता येतो. माझा वापरला गेलाच. मी तीन गोष्टी लिहिते. या रानावाचून जगू न शकणारे पक्षी कोणते. काम होण्याआधी आतलं रान किती आहे आणि झाल्यावर किती उरेल. आणि वळसा घातला तर अंतर किती वाढेल. त्या राईसाठी हा तिसरा आकडाही मी मागाहून काढून पाहिला. वळसा थोडासाच होता. रस्ता राईबाहेरून गेला असता तर वाडीच्या माणसांना दोन-चार मिनिटं जास्त चालावं लागलं असतं आणि एक हेक्टर आतलं रान आज उभं असतं. त्या बैठकीत या तीन गोष्टी कुणीतरी ठेवायला हव्या होत्या, आणि ते काम माझं होतं. जिथे असा निर्णय अजून व्हायचा आहे तिथल्या पक्षिमित्रांना माझी कळकळीची विनंती आहे : यंदाच्या हिवाळ्यात आपल्या राईच्या मध्यापर्यंत जा आणि तिथली नोंद आधी करा. कडेची यादी नंतरही होईल.